पावलं किती झाली?

माझ्या सासऱ्यांनी मला बारा वर्षं एकच प्रश्न विचारला. जेवायला वाढत असताना विचारला, बांधावर विचारला, दुसऱ्याच्या लग्नघरात चार बायकांच्या देखत विचारला, आणि एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हा उशाशी येऊन विचारला. "किती झाली गो?" बस, एवढंच. उत्तराची वाट बघायची नाही, हसायचं नाही, विचारून आपले चालू लागायचे. आजूबाजूची माणसं मात्र पोट धरून हसत. आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

त्यांचं नाव गोमा. भाईंदरच्या पश्चिमेला, मुर्ध्याच्या अंगाला जी मिठागरं होती, त्यातल्या एका मोठ्या आगराचे ते मुकादम. आगर मुंबईच्या शेटचं, पण शेटला विचारलंत तर तोसुद्धा ‘गोमाचं आगर’च म्हणायचा. घरात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणायची. आज तिथे सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. माझी नातसून त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर राहते आणि तिच्या घरातली फरशी कशी गुळगुळीत आहे ते मला दाखवते. मी हो हो म्हणते. मामांच्या आगराचा तुडवलेला तळ बघितलेल्या बाईला फरशीचं काय कौतुक!

माझं माहेर खाडीपलीकडचं, वसईच्या बाजूचं. वडिलांची केळीची आणि पानवेलींची वाडी. मी मराठी चौथी शिकलेली, त्या काळात आमच्यात ते फार होतं, आणि त्याचा मला तोरा होता हे कबूल करते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्तावर मला होडीत बसवून या खाऱ्या मुलखात आणलं. उतरल्याबरोबर बघते तर झाड म्हणून नाही. नुसती करडी जमीन, तिचे चौकोन पाडलेले, आणि वर आभाळ. मी मनात म्हटलं, मेल्यांनी पोरीला उन्हात वाळत घालायला आणलंय.

पाचव्या दिवशी ते घडलं. आगरात गोड पाणी नसतं, माणसांना प्यायला ते घरून न्यावं लागे. सासूने माझ्या डोक्यावर दोन भरलेले हंडे एकावर एक ठेवले आणि माझी नणंद चांगुणा, तिच्याबरोबर पाठवलं. चांगुणा वन्सं बालपणीच विधवा होऊन माहेरी राहिलेल्या, जिभेच्या तिखट आणि मनाच्या खडीसाखर. माझा नवरा त्या दिवशी मिठाच्या मचव्यावर मुंबईला गेलेला. मी नवी नवरी, पदर नाकापर्यंत ओढलेला, पायात माहेरचे तोडे. आगरावर पोचलो तर बरीच माणसं जमलेली असावीत, आवाज येत होते. मला दिसत होते फक्त पाय.

मामांचा आवाज आला, बांधावरून नको, इथून मधून ये. मी त्या कोरड्या चौकोनी वाफ्यात उतरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मामा म्हणाले, "आता आपली पावलं मोजीत परत ये."

मी खाली बघितलं. एकही पाऊल नव्हतं. मला वाटलं, आपल्यालाच दिसत नाही. पदर थोडा वर केला, मान हंड्यांखाली जेवढी वळेल तेवढी वळवली, आणि अगदी शाळेत सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "मला एकपण दिसत नाही."

आणि सगळं आगर हसलं. असं हसलं की बांधावरचे बगळे उडाले.

आता तुम्हीच सांगा, नव्या नवरीने याचा काय अर्थ घ्यावा? माझ्या माहेरी ज्या मातीत पाऊल रुतत नाही ती माती वांझ. आणि नवरी म्हणजे तर लक्ष्मीचं पाऊल. चारच दिवसांपूर्वी उंबऱ्याच्या आत माझी कुंकवाची पावलं उमटवून घेतली होती, सासू त्यांच्यावरून कुणाला चालू देत नव्हती. आणि इथे हा माणूस चारचौघांत मला माझी पावलं मोजायला लावतो आणि ती उमटलेलीच नाहीत म्हणून लोक हसतात! म्हणजे माझा पायगुण नाही, असंच ना? सासऱ्याने सुनेची थट्टा करायची आमच्यात रीत नाही, त्यातून नवी सून. मी हंडे उतरवले, बांधावरून घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले. धूर फार झाला असं सासूला सांगितलं.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. या माणसाच्या तळावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. आणि नाही ठेवलं. दरवर्षी पाऊस सरला की आगर तयार करायचं काम निघे. साचलेलं पाणी काढायचं, गाळ उपसायचा आणि मग वाफ्यांचा तळ पायांनी तुडवायचा. दहा-बारा माणसं एका रांगेत, एकमेकांच्या कमरेला धरून, तालावर, दिवसचे दिवस. मग चोपण्याने चोपायचा, सुकू द्यायचा, भेग दिसली की पुन्हा तुडवायचा. घरातल्या सगळ्या बाया तुडवणीला उतरत. मी बांधाची माती वाहायचं काम मागून घेतलं. ते जास्त कष्टाचं, पण मी मुद्दाम घेतलं. कुठेही जायचं असलं तरी मी वळसा घालून बांधावरून जायची. नवऱ्याला एकदा विचारलं, तुमच्या बापाने मला असं का केलं? तो म्हणाला, बा थट्टा करतो सगळ्यांची, सोडून दे. तो त्या दिवशी तिथे नव्हता, त्याला काय कळणार. बाकी कुणाला विचारायला माझं नाक आड येई.

पण खोटं कशाला बोलू, माणूस मोठा होता. रागाने बघत होते तरी मला ते दिसत होतं. काळाकभिन्न, काडीसारखा बांधा, आणि पाय मात्र हे एवढे रुंद, पसरट. खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, एका तळ्यातून दुसऱ्यात न्यायचं, उन्हात तापू द्यायचं, आणि मुरलं की वाफ्यात सोडायचं, हे सगळं मामा जिभेवर चालवत. करंगळी पाण्यात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे. "परवा सांजेला बसंल." आणि परवा सांजेला वाफ्याच्या कडेला मिठाचा पहिला खडा बसायचा. मीठ खात्याचे लोक काचेची नळी घेऊन यायचे, पाण्यात सोडायचे, कागदावर काहीतरी मांडायचे, आणि निघताना मामांना विचारून जायचे की कधी बसेल.

शेटने त्यांना एकदा चामड्याच्या चपला दिल्या होत्या. मामांनी त्या जन्मात पायात घातल्या नाहीत, पण सोडल्याही नाहीत. कुठेही निघाले की चपला काखेत. मुंबईला शेटच्या पेढीवर जायचे तरी भाईंदर स्टेशनपर्यंत काखेत, गाडीत काखेत, पेढीच्या दारात क्षणभर जमिनीवर ठेवायच्या आणि त्यांच्या शेजारून अनवाणी आत जायचं. सासू म्हणायची, एवढं त्यांना लेकरू म्हणून खेळवलं असतंत तर चालायला लागलं असतं.

त्याच चपलांनी त्यांनी मीठ खात्याच्या गोऱ्या साहेबाला गार केलं. साहेब फिरतीवर आला, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि सरळ वाफ्यात उतरायला निघाला. शिपायांची बोलायची छाती होईना. मामांनी काही अडवलं नाही. पुढे झाले, काखेतल्या चपला काढल्या आणि वाफ्याच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. मग हाताने शेजारची धूळ झाडली आणि दोन बूट मावतील एवढी जागा करून बाजूला उभे राहिले. साहेबाने चपलांकडे बघितलं, जागेकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग बसला खाली आणि बूट काढले. बांधावर मातीची पाटी घेऊन मी उभी होते. मला हसू आलं, आणि त्या माणसाच्या करामतीला आपण हसलो म्हणून स्वतःचाच रागही आला.

त्यांची थट्टा सगळी अशीच. बोलायचं थोडं आणि निघून जायचं. समोरच्याला ती कळायला दिवस लागत. आमच्या आगरात हाशा म्हणून एक गडी होता, भारी बढाईखोर. एकदा एकट्याने बांध घातला आणि गावभर सांगत सुटला की यातून थेंब जाणार नाही. मामा बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मान हलवली आणि म्हणाले, "चिंबोऱ्यांना विचारलंस काय?" हाशा दात काढून हसला. आठ दिवसांनी अमावास्येची भरती आली आणि चिंबोऱ्यांनी पाडलेल्या बिळांतून पाणी भसाभस आत. हाशा गुडघाभर पाण्यात उभा राहून एकटाच हसत होता, कारण थट्टा त्याला तेव्हा पोचली. उत्तनचा पास्कू, मासळी खारवायला मीठ न्यायला यायचा तो, मामांचा जिवलग. तो म्हणायचा, गोमाची मस्करी घरी नेऊन उन्हात ठेवावी लागते.

माझी मस्करी मात्र मी उन्हात ठेवली नाही. मी ती अंधाऱ्या कोपऱ्यात दडवून ठेवली. दुसऱ्या वर्षीच मला कळलं होतं की आगराच्या तळावर पाऊल उमटू नये. पाऊल उमटलं की तिथे माती सैल होते, ती मिठात येते, मीठ करडं पडतं, आणि आमचं मीठ तर जाईच्या कळ्यांसारखं पांढरं असायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल, मग बाई, तुला एवढं साधं जुळवता आलं नाही? नाही आलं. हाताला आलेली अक्कल आणि मनात धरलेला डंख, दोघांची कधी भेटच झाली नाही. मामांनी विचारलं, "किती झाली गो?" की मी म्हणायची, मोजायची राहिली. लोक हसायचे. मुलगा झाला, मुलगी झाली, सासू गेली, लढाई सुरू झाली आणि संपली, तरी प्रश्न तोच आणि माझं उत्तर तेच. मुलीच्या बारशाला तर मी ताटावरून उठून आत गेले.

लढाई संपल्यानंतरच्या कार्तिकातली गोष्ट. आमच्या शेजारचं आगर एका नव्या मुकादमाने घेतलं होतं. आदल्या वर्षी घाईत पाणी सोडून त्याचं सगळं मीठ मातकट झालं होतं, म्हणून या खेपेला तो जपून होता. त्याने मजुरीला बाया बोलावल्या, त्यात मी आणि चांगुणा वन्संही गेलो. दुपारी काम संपत आलं तेव्हा त्याने आपल्या माणसाला हाक मारून विचारलं, "सून चालवलीस काय?"

तो माणूस म्हणाला, अजून नाही, बाहेरगावची बाई मिळाली की चालवतो.

मी वन्संना विचारलं, हे काय काढलं? सून चालवायची म्हणजे काय?

वन्संनी पाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे काय ते तू मला विचारतेस? ती सून तूच ना गो!"

मग बांधावर बसून त्यांनी सांगितलं. त्या दिवशी, माझ्या पाचव्या दिवशी, शेटचा नवा कारभारी आगरावर आला होता. त्याला मामांच्या जागी आपल्या ओळखीचा मुकादम बसवायचा होता. तो म्हणाला, हा तळ कच्चा आहे, यात मीठ धरणार नाही, म्हाताऱ्याचे पाय थकले. शेटही आलेला होता. मामांनी म्हटलं, चालून बघा. कारभारी म्हणाला, तुमची माणसं चालून उपयोग काय? आगरातल्या माणसाला तरंगत चालायची सवय असते, तुमच्या बायका चिखलावरूनसुद्धा खूण न ठेवता जातील. ते खरंच होतं. तेवढ्यात लांबून मी येताना दिसले. मामांनी शेटला सांगितलं, "ती माझी नवी सून. वाडीतली पोर हाय, टाच रोवून चालते. डोक्यावर दोन हंडे, पायात तोडे. तिचं एक जरी पाऊल उमटलं तर मुकादमी आजच सोडली. मोजायचं बी तिलाच सांगतो, ती खोटं बोलायची न्हाय. शिकलेली हाय."

मी पाटी बाजूला सारली आणि सरकून त्यांच्यासमोर बसले.

"आन तू काय ठणकावून बोललीस!" वन्सं म्हणाल्या. "एकपण दिसत नाही! कारभारी खाली वाकून, डोळ्याला हात लावून तळ बघत होता, त्याची पगडी पडली. त्याला हसलो आम्ही. शेट तर बसून हसला. त्या दिवसापासनं कुठल्याबी आगरात तळ तयार झाला की बाहेरगावची बाई चालवतात. सून चालवली म्हणतात. तुला ठाऊक न्हवतं?"

मी म्हटलं, मग इतकी वर्षं मला कुणी बोललं का नाही?

तर वन्सं म्हणतात कशा, आम्हाला वाटलं तुला सगळं माहीत आहे. तू तळावर कधी पाय ठेवत नाहीस, बांधावरून जातेस, तो तळाचा मान राखतेस असं समजलो. गावात बाया सांगतात, गोमाची सून बघा, जो तळ जिंकला त्यावर पुन्हा पाय नाही ठेवला.

घ्या! बारा वर्षं मी रुसले होते आणि गाव माझे गोडवे गात होतं.

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. एवढ्या माणसांत त्यांनी आपली सगळी इभ्रत माझ्या टाचेखाली ठेवली होती. पाच दिवसांची सून मी, माझा चेहराही त्यांनी नीट बघितला नव्हता, आणि निवाडा मला द्यायला लावला. उमटलं असतं पाऊल तर ते मीच सांगितलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं. पुढे मी पंचायतीत बसले, शाळेच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली. पण त्या दिवसासारखा मान मला कुणी दिला नाही, आणि तो मला मिळाला हे मला बारा वर्षं माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हंडे भरले. तोडे पेटीत होते, ते काढून घातले. पोरं बघायला लागली की आईला झालंय काय. आगरावर आले. आमचा तळ तयार झाला होता, एक-दोन दिवसांत पाणी सोडायचं होतं. मामांची नजर तोवर पार अधू झाली होती. ते पलीकडच्या कोपऱ्यात पालथ्या पाटीवर बसले होते, चपला मांडीवर. मी बांधावर क्षणभर थांबले आणि मग उतरले वाफ्यात. पायाखाली तळ असा लागला की त्याला थंडगार म्हणू की घट्ट म्हणू. मी टाच रोवून चालले. मुद्दाम जोरात रोवून.

अर्ध्यात पोचले तेव्हा मामांनी मान वर केली. त्यांना पावलांवरून माणूस कळे. म्हणाले, "आज बांधावरनं न्हाय आलीस."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी वळसा घालून जाते हे त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी ते विचारत राहिले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी मांडीवरच्या चपला काखेत घेतल्या. मग नेहमीच्याच आवाजात, "किती झाली गो?"

मी मागे वळले. नीट बघितलं, घाई केली नाही. मग म्हटलं, "एकपण न्हाय, मामा."

त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. गोमा मुकादम स्वतःच्या थट्टेला हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "बारा वर्सं लागली तुला मोजाय."

मी हंडा उतरवून त्यांना पाणी दिलं. ते प्याले, उरलेलं डोळ्यांना लावलं आणि उठले. उघाडीजवळचं पाणी चाखायचं होतं. तो त्यांचा शेवटचा हंगाम ठरला. पुढच्या पावसात ते गेले, फारसं न दुखता. पण मला आठवतात ते त्या दुपारचेच. काखेत चपला, पाठ थोडी वाकलेली, तळाच्या बरोबर मधून तिरपे चालत निघालेले. ते लांब गेल्यावर मी वाकून बघितलं. त्यांच्या मागे एकही खूण नव्हती. मग मी पाणी काढलेला हंडा काखेत घेतला, भरलेला डोक्यावर ठेवला, आणि त्यांच्या मागून निघाले, टाच रोवून.